दोन पाळ्यांचा महापौर

महापौरांच्या घरात दार उघडं असेल तोवर नवरा-बायको राहायचे आणि दार लागलं की दीर-भावजय. जवळजवळ तीस वर्षं हे इतकं सुरळीत चाललं होतं, की कडीचा आवाज झाला की वहिनींची जीभ आपोआप वळायची. जिन्यात शेजारीण उभी असली की, ‘आलात का हो? किती हा उशीर,’ आणि कडी लागली की, ‘भाऊजी, बूट काढा आधी, फरशी आत्ताच पुसलीय.’ मुलगी रस्त्यावर बाबा म्हणायची आणि घरात काका. पहिलीत असताना तिने शाळेत सांगून टाकलं होतं, की माझे बाबा घरी आले की काका होतात. बाईंनी प्रगतिपुस्तकात लिहिलं : कल्पनाशक्ती चांगली आहे, गणिताकडे लक्ष द्यावे.

महापौर मागच्या छोट्या खोलीत झोपायचे. तिथे इस्त्रीचं टेबल, जुन्या सुटकेसा आणि एक लोखंडी खाट होती. एवढ्या मोठ्या शहराचा महापौर इस्त्रीच्या टेबलाला पाय लावून झोपतो, हे विरोधी पक्षाला कळलं असतं तर त्यांनी साधेपणाचं ढोंग म्हणून बोंब मारली असती. ते ढोंग नव्हतं. घरात दोनच खोल्या निजण्यालायक होत्या आणि मोठी वहिनींची होती, बस.

हे असं का, ते समजायला पाण्याच्या पाइपलाइनच्या चराशी जावं लागेल.

एकतीस वर्षांपूर्वी महापौर या शहरात कोणीच नव्हते. थोरला भाऊ रीतसर कागद करून आला होता, पाणी खात्यात चर खणायला. धाकटा वर्षभराने आला, तो कांद्याच्या गोण्यांखाली पडून, आणि त्याच्याकडे कागद म्हणावा तर एका गोणीला चिकटलेली चिठ्ठी होती. दोघांना मिळून एक खोली, एक खाट, गमबुटांचा एक जोड आणि एक हजेरी कार्ड. थोरला रात्रपाळी करायचा, धाकटा दिवसपाळी. सकाळी कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून बुटांची आणि कार्डाची अदलाबदल व्हायची आणि एक जण कामाला, एक जण झोपायला. खाट कधी गार पडली नाही. कार्डावरचा फोटो अंगठ्याच्या नखाएवढा. दोघांना दाढी, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. मुकादमाला बाहेरून आलेले सगळे एकसारखेच दिसायचे, आणि या अपमानावर दोन भावांचं पोट चालायचं.

हजेरीपटावर मात्र एकच माणूस रोज सोळा तास चर खणत होता. मुकादम भारावून गेला होता. बाकीच्यांना तो सांगायचा, की याच्याकडे बघा जरा, नाहीतर तुम्ही, बिडीसुद्धा बसून पिता.

मग एका सकाळी पायरीवर बूट बदलले आणि कार्ड थोरल्याच्या खिशात राहिलं. थोरला खोलीवर गेला, शर्ट काढताना कार्ड हाताला लागलं, आणि तो तसाच, सपाता फटफटवत, चरापर्यंत पळत आला. कार्ड धाकट्याच्या वरच्या खिशात कोंबलं, ‘धांदरट आहेस लेका’ म्हणाला आणि काठाकाठाने परत निघाला. चराच्या भिंती धरून ठेवायच्या फळ्या तीन दिवस आल्या नव्हत्या. मुकादम म्हणत होता, आज येतील. फळ्या आल्या नाहीत, भिंत आली.

थोरल्याला बाहेर काढायला वीस मिनिटं लागली. धाकटा हातांनी उकरत होता. सगळेच उकरत होते, त्यामुळे त्यात कोणाला विशेष वाटलं नाही. मुकादमाने मेलेल्या माणसाचे खिसे तपासले. खिसे रिकामे. पाच मिनिटं आधी भिंत पडली असती, तर त्या खिशात कार्ड सापडलं असतं आणि मेलेल्या माणसाला नाव असतं.

‘याला कोणी ओळखतं का?’ मुकादमाने विचारलं.

‘नाही,’ धाकटा म्हणाला. ‘मी ओळखत नाही.’

इथल्या भाषेत, इथल्या हेलात बोललेलं त्याचं हे पहिलं बिनचूक वाक्य. हो म्हटलं असतं, तर कार्ड मेलं असतं, त्याला परत पाठवलं असतं, आणि मागे गावी वहिनी, सव्वा वर्षाची पोर, म्हातारी आई, सगळे उघड्यावर पडले असते. ही सगळी कारणं खरी होती. फक्त ती त्याला नंतर सुचली. त्या वेळी तो घाबरला होता, एवढंच.

थोरल्याला उत्तरेच्या दफनभूमीत बेवारस विभागात पुरलं आणि वर लोखंडी पट्टी ठोकली : २१२. धाकटा संध्याकाळी खोलीवर आला, खाटेकडे बघितलं आणि पुन्हा बूट चढवून रात्रपाळीला गेला. जाणं भाग होतं. रोज सोळा तास खणणारा माणूस अचानक आठ तासांवर आला असता, तर शंका आली असती. सात महिने त्याने दोन्ही पाळ्या केल्या. आठव्या महिन्यात तो चरात उभ्याउभ्या बेशुद्ध पडला आणि त्या दिवशी साहेबांची भेट असल्यामुळे त्याला बढती मिळाली.

राजकारणातली कारकीर्द इथून सुरू झाली. ‘दोन पाळ्या’ हे टोपणनाव पडलं. दोन पाळ्या युनियनमध्ये गेला, दोन पाळ्या नगरसेवक झाला. कुठल्या गल्लीतला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की कोणाचा नळ आटतो हे त्याला पाठ होतं, आणि शहराचं राजकारण बहुतेक तेवढंच असतं. महापौरपदाच्या निवडणुकीत समोरच्या उमेदवाराने ‘बाहेरचा, बाहेरचा’ म्हणून गळा काढला, तेव्हा याच्या माणसांनी जुना हजेरीपट शोधून पोस्टरवर छापला. चौदा महिने, रोज दोन पाळ्या, एक खाडा नाही. शहर विरघळलं. पोस्टरवरचा हजेरीपट अगदी खरा होता. फक्त त्यात एक माणूस कमी होता.

वहिनी आल्या त्या अपघातानंतर दोन वर्षांनी, कागदावर बायको म्हणून. कार्ड थोरल्याचं, तेव्हा बायकोही थोरल्याचीच येणार. पत्रातून कळवायची त्याची छाती झाली नव्हती. वहिनी पोरीला कडेवर घेऊन विमानतळाच्या काचेच्या दारातून बाहेर आल्या, दिराला बघून हसल्या आणि त्याच्या खांद्यावरून मागे बघायला लागल्या. मागे एक खांब होता. दाराजवळच्या टेबलाशी बसलेल्या अधिकाऱ्याने कागद चाळत विचारलं, हे तुमचे पती ना? दुभाष्याने तेच पुन्हा विचारलं. वहिनींनी खांबाकडे आणखी एकदा बघितलं, मग दिराच्या तोंडाकडे. त्यांना कोणी काही सांगितलं नाही. त्या ‘हो’ म्हणाल्या.

टॅक्सीत त्या रडल्या नाहीत, कारण टॅक्सीवाल्याने आरशातून बघितलं असतं. खोलीवर आल्यावर, दार लागल्यावर, दिराने सगळं सांगितलं आणि त्यांनी एकच गोष्ट मागितली : त्यांच्या कबरीवर त्यांचं नाव लावा.

‘थोडं थांबा, वहिनी. कागद पक्के होऊ देत.’

कागद पक्के झाले. मग युनियनची निवडणूक होती. मग नागरिकत्व, मग पोरीचं कॉलेज, मग वॉर्ड, मग महापौरपद, मग दुसऱ्यांदा महापौरपद. ‘थोडं थांबा’ हे वाक्य त्या घरात मिठाच्या बरणीसारखं होतं, कायम हाताशी. वहिनी दर महिन्याला एकदा बसने उत्तरेच्या दफनभूमीत जायच्या, फडक्याने २१२ ची पट्टी पुसायच्या आणि परत यायच्या. कोणी विचारलं तर सांगायच्या, की बेवारसांची सेवा करते. वर्तमानपत्रात एकदा त्यांचा फोटोही आला होता : महापौरांच्या पत्नीचे मूक समाजकार्य.

महापौरांनी स्वतः कधी लग्न केलं नाही. कागदोपत्री झालेलंच होतं.

आता उत्तरेच्या भागाला तिसऱ्या दिवशी पाणी यायचं. महापौरांनी तिथे जलाशय बांधायचा शब्द दिला होता आणि तो शब्द खरा होता. हंडे घेऊन रांगेत उभं राहणं काय असतं ते त्यांना माहीत होतं. नकाशा झाला, जागा ठरली आणि अंतिम आदेश सहीला आला. जोडपत्र चारमध्ये लिहिलं होतं, की दफनभूमीचा बेवारस विभाग, पट्टी क्रमांक १८० ते २६०, हलवून अवशेष एकत्रित खड्ड्यात ठेवण्यात येतील. नातेवाइकांनी तीस दिवसांत दावा करावा.

महापौरांनी जोडपत्र वाचलं. दोनदा वाचलं. ग्लासभर पाणी प्यायले आणि सही केली. एका बाजूला दोन लाख नळ होते. शिवाय तीस दिवस होते, तोवर काहीतरी सुचेल.

बाविसाव्या दिवशी वहिनींनी चहाच्या बशीखाली पिवळा कागद आणून ठेवला. प्रत्येक पट्टीवर चिकटवलेली तीच नोटीस. खाली छापलेली सही महापौरांची.

‘छान आलीय सही,’ त्या म्हणाल्या. ‘अगदी ह्यांच्यासारखी.’

ती सही थोरल्याचीच होती. धाकट्याने ती कार्डावरून गिरवून गिरवून बसवली होती, आणि स्वतःची सही कशी होती ते आता त्याला आठवतही नव्हतं.

मुलगी त्या दिवशी घरी होती. ती दातांची डॉक्टर झाली होती आणि घरात फारसं बोलायची नाही. दिवसभर लोकांची तोंडं उघडी बघून कंटाळा येतो म्हणायची. ती चहा घेऊन खिडकीशी जाऊन उभी राहिली.

महापौरांनी सगळं समजावून सांगितलं. दावा करता येईल, पण नाव लावलं तर मेलेला माणूस आणि महापौर एकाच नावाचे, एकाच जन्मतारखेचे निघतील. माझं जाईल ते जाऊ दे, तुम्हालाही परत पाठवतील, पोरीचं नागरिकत्वही उकरून काढतील. मग त्यांनी बाविसाव्या दिवशी सुचलेली युक्ती सांगितली. मी दावा करतो. म्हणतो, की हा माझा धाकटा भाऊ, चोरून आला होता, तेव्हा भीतीपोटी बोललो नाही. लोक रडतील, दोन भाषणं होतील. वर नाव लागेल माझं, म्हणजे माझं खरं. तसंही ते रिकामंच पडलंय.

मुलगी खिडकीतून म्हणाली, की काका, तुम्ही स्वतःच्याच मयताला भाषण करणार. बाबांच्या नावाने.

‘हो,’ महापौर म्हणाले. ‘त्यात काय. रोज करतोच की.’

वहिनींनी बशी उचलली. ‘तीस वर्षं त्यांचं नाव तुम्ही वापरलंत, मी एक शब्द बोलले नाही. आता त्यांच्या डोक्यावर तुमचं नाव? म्हणजे मी महिन्याच्या महिन्याला जाऊन कोणाला पुसायचं, भाऊजी? तुम्हाला?’

मग आठवडाभर कडी वाजली तरी त्यांची जीभ कुठेच वळेना. महापौरांना आयुष्यात बऱ्याच जणांनी शिव्या दिल्या होत्या, पण त्या सगळ्या मिळून या आठवड्याएवढ्या भरल्या नसत्या.

एकोणतिसावा दिवस मंगळवार होता. मंगळवारी महापालिकेच्या मोठ्या दालनात जाहीर सुनावणी व्हायची. ही पद्धत महापौरांनीच पाडली होती. टोकन घ्यायचं, बाकावर बसायचं, नंबर आला की थेट महापौरांसमोर, आणि निकाल जागेवर. त्यांचा एकच दिमाख होता : मंगळवारची सही फिरत नाही. अर्जावर सही झाली की शेजारच्या खिडकीत शिक्का पडणार, त्याच मिनिटाला कॉम्प्युटरवर नोंद होणार, आणि ती नोंद मग खुद्द महापौरालाही पुसता येणार नाही. लोकांना हे फार आवडायचं. यावर त्यांनी दुसरी निवडणूक जिंकली होती.

वहिनी सकाळी नऊला आल्या आणि टोकन घेतलं. सदतीस. सचिव धावत आला. हा बारीक, चटपटीत माणूस, महापौरांच्या प्रत्येक वाक्याआधी ‘बरोबर’ म्हणायचा. बाईसाहेब, तुम्ही रांगेत कशाला, आत या, चहा घ्या. वहिनी म्हणाल्या, की माझा नंबर सदतीस आहे. आणि दोन वाजेपर्यंत गटार तुंबलेला म्हातारा आणि शेजाऱ्याच्या कोंबड्याविरुद्ध तक्रार घेऊन आलेली बाई यांच्या मध्ये बसून राहिल्या.

महापौरांनी सकाळपासून छत्तीस अर्ज निकाली काढले. कोंबड्याबाबत त्यांनी काय निकाल दिला ते त्यांना संध्याकाळी आठवेना.

सदतिसाव्या नंबरला वहिनी समोर बसल्या आणि अर्ज पुढे सरकवला. अवशेषांचा दावा. पट्टी क्रमांक : २१२. अर्जदाराचे नाते : पत्नी. मृताचे नाव या रकान्यात वळणदार अक्षरात महापौरांचं नाव होतं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

सचिव वाकून वाचत होता. तो प्रेमळपणे हसला. ‘बाईसाहेब, रकाना चुकला. इथे मयताचं नाव घालायचं असतं. साहेबांचं खाली येईल, सहीच्या जागी.’ त्याने खोडरबर काढला. मग अर्ज पेनने लिहिलाय हे पाहून परत ठेवला.

दालनात चाळीस-पन्नास माणसं होती. काही जण समजूतदारपणे हसले, जसं म्हातारपणी घोटाळे करणाऱ्या बाईला हसतात. महापौरांना दिसलं, की सुटका समोरच ठेवलेली आहे, झाकण उघडून. फक्त एवढंच म्हणायचं होतं, की हल्ली यांना जरा विस्मरण होतं. गाडी बोलवा. डॉक्टरही मिळाला असता. उद्या तिसावा दिवस, परवा खड्डा.

‘हल्ली...’ महापौर म्हणाले आणि थांबले.

वहिनी इथली भाषा कमी बोलायच्या. पण त्या दिवशी सगळ्यांना कळेल अशी, सावकाश, एकेक शब्द पुढे ठेवत बोलल्या.

‘याला ओळखता का?’

मुकादमाचं हे वाक्य महापौरांनी त्यांना सांगितलं होतं, एकदाच, त्या पहिल्या दिवशी खोलीवर. त्यांना वाटलं होतं वहिनी विसरल्या असतील. वरच्या खिशावर त्यांचा हात आपसूक गेला. तिथे आता महापालिकेचं कार्ड होतं.

‘बरोबर,’ सचिव सवयीने म्हणाला.

‘ओळखतो,’ महापौर म्हणाले. ‘माझा भाऊ आहे. थोरला.’

आणि त्यांना येत होती ती एकच सही त्यांनी केली.

खिडकीत शिक्का पडला. कारकुनाने नाव टाइप केलं, जन्मतारीख टाइप केली, मृत्यूची तारीख एकतीस वर्षांपूर्वीची टाइप केली आणि बटण दाबलं. अठ्ठेचाळिसाव्या नंबरला दालनातला महापौरांचा माइक बंद पडला. पाच वाजता त्यांचं कार्ड त्यांच्याच केबिनचं दार उघडेना. कॉम्प्युटरला कोणाशी वैर नसतं. मेलेल्या कर्मचाऱ्यांचे परवाने तो शिस्तीत रद्द करतो.

पुढचे दहा दिवस महापालिकेचं विधी खातं झोपलं नाही. त्यांना राजीनामा हवा होता, पण मेलेला माणूस राजीनामा देऊ शकत नाही. बडतर्फ करावं, तर जिवंत होता तो कधी महापौर नव्हताच. एका तरुण वकिलाने नोंदवलं, की शहराने दोनदा बहुमताने मृत व्यक्ती निवडून दिली आहे आणि तसं करू नये असा नियम कुठेही नाही. त्याची बदली झाली. उपमहापौर खुर्चीत बसले आणि त्यांनी पहिल्याच दिवशी जलाशयाच्या आदेशावर नव्याने सही केली. पट्टी क्रमांक १८० ते २६० खड्ड्यात गेल्या, एक सोडून. वहिनी आणि मुलीचं प्रकरण चौकशीला लागलं. चौकशी किती वर्षं चालेल ते कोणालाच सांगता येईना, आणि हीच त्यातली बरी बाजू होती.

माजी महापौरांना परदेशी नागरिकांच्या कचेरीत नेलं. अधिकाऱ्याने नाव विचारलं. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, एकतीस वर्षांत पहिल्यांदा, आणि ते सांगताना अडखळले. पुरावा? पुरावा नव्हता. अधिकाऱ्याने लिहिलं : अनोळखी इसम, आणि पुढे एक नंबर घातला. चौदा दिवसांत देश सोडायचा होता. कोणत्या देशात जायचं, ते नावाशिवाय ठरेना, म्हणून तूर्त कोठडी.

शहराचा मात्र एक लेखी नियम होता : पदावर असताना वारलेल्या महापौराला मुख्य दफनभूमीत जागा, निशाण अर्ध्यावर, बँड. नियमात मृत्यूच्या वर्षाची अट नव्हती. तेव्हा चर खणणाऱ्या एका मजुराच्या हाडांची पेटी बँडसकट आली. उपमहापौरांनी भाषण केलं. सोळा तास राबणाऱ्या हातांचा त्यांनी गौरव केला. निम्म्या तासांपुरतं तेही बरोबर होतं.

अनोळखी इसमाला तासाभराची परवानगी मिळाली होती. एक पोलीस त्याच्या दंडाला धरून दोरीच्या बाहेर उभा होता. दोरीच्या आत फक्त नातेवाईक.

तो खड्ड्याकडे बघत होता. खड्डा खोल होता, रात्री पाऊस होऊन गेला होता, माती भुसभुशीत होती, आणि वहिनी अगदी काठावर उभ्या होत्या.

‘भिंतीला फळ्या लावा,’ तो म्हणाला.

कबर खणणाऱ्याने वर बघितलं. हा जाडजूड, घामाघूम माणूस सकाळपासून बँडवाल्यांवर वैतागलेला होता. ‘मेलेल्याला फळ्या कशाला हव्यात?’

‘मेलेल्याचं नाही म्हणत. काठावर आहेत त्यांचं म्हणतोय. डावीकडची भिंत सुटलीय, बघ. आधी त्या बाईंना मागे घे.’

‘आणि तू कोण लागून गेलास?’ कबर खणणारा म्हणाला. उपमहापौर घड्याळाकडे बघायला लागले. पोलिसाने दंड आवळला आणि तो अनोळखी इसम आहे असं सांगायला तोंड उघडलं.

‘ते माझे दीर आहेत,’ वहिनी म्हणाल्या. चारचौघांत, उघड्यावर, कुठेही कडी वाजलेली नसताना. ‘चर खणायचे आधी. त्यांचं ऐका.’

मग बँड थांबला, पेटी गवतावर ठेवली आणि गोदामातून फळ्या येईपर्यंत सगळे उभे राहिले. फळ्या यायला वीस मिनिटं लागली.